थाळी पुन्हा फिरावी म्हणून

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, वाचक मैत्रिणींसाठी थोडं वाढवून)

गेल्या काही भागांत आपण शिलाई मशीन, मिक्सर आणि टेबल फॅन यांच्या मोटरींबद्दल बोललो. त्यानंतर जे फोन आले, त्यांत जुन्या रेकॉर्ड प्लेयरचा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला. प्रश्न साधारण एकच होता. घरात जुना प्लेयर आहे, कुठे पेटीसारखा, कुठे लाकडी कपाटातला रेडिओग्राम. दुकानात दाखवला तर सांगतात, ‘मोटर गेली, आता पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या.’ मग द्यायचा का?

आमचं म्हणणं, लगेच देऊ नका. आमच्याकडे जे प्लेयर ‘मोटर गेली’ म्हणून येतात, त्यांतल्या बऱ्याच मोटरी नुसत्या आखडलेल्या असतात. ज्या खरंच गेलेल्या असतात त्यांनाही पर्याय मिळतो. फक्त तो नीट पारखून घ्यावा लागतो.

आणि प्लेयर भंगारात गेला की रेकॉर्डही मागोमाग जातात, हे लक्षात घ्या. बालगंधर्वांची किंवा हिराबाई बडोदेकरांची गाजलेली गाणी आज फोनवर ऐकता येतात. पण कितीतरी पोवाडे, कीर्तनं, नाटकातले प्रवेश आणि फारसं नाव न झालेल्या गायिकांची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघाली आणि तिथेच राहिली. त्यांची ना कॅसेट निघाली, ना ती कुणी फोनवर चढवली. ती ऐकायची तर तबकडी ठरलेल्या वेगानं फिरवणारं यंत्रच हवं. म्हणून आज ही मोटर नीट समजून घेऊ.

मोटरीचं काम काय?

शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. खाली पायाचं मोठं चाक, वर लहान चाक आणि दोघांमध्ये पट्टा. मोठं चाक एकदा फिरलं की लहान चाक कितीतरी वेळा फिरतं. रेकॉर्ड प्लेयरमध्ये याच्या उलट असतं. मोटरीच्या दांड्यावरची चिमुकली पुली भराभर फिरते आणि मोठी थाळी सावकाश फिरते. मोटरीची गती कमी करून थाळीला द्यायची, हाच सगळा खेळ आहे.

थाळीनं मिनिटाला किती फेऱ्या घ्यायच्या हे तबकडीवर ठरतं. जुन्या लाखेच्या तबकड्या साधारण ७८ फेऱ्यांच्या. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड आणली आणि १९४९ साली आरसीए कंपनीनं ४५ फेऱ्यांची लहान रेकॉर्ड. म्हणून जुन्या प्लेयरवर ३३, ४५ आणि ७८ असे खटके दिसतात. काहींवर १६ हा चौथाही असतो.

गती चुकली तर नुसती लय बिघडत नाही, सूरही बदलतो. थाळी हळू फिरली की गाणं संथ होतं आणि पट्टी खाली येते. गतीत साधारण सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वरानं सरकतो. त्यामुळे ‘फिरली म्हणजे झालं’ असं इथे म्हणता येत नाही. मिक्सरची मोटर थोडी कमीजास्त फिरली तरी चटणी होते, गाण्याला ते चालत नाही.

आपला प्लेयर कुठल्या जातीचा?

थाळी अलगद उचलून खाली पाहा, म्हणजे जात कळते.

पहिली जात रबरी चाकाची. मोटरीच्या दांड्यावर पायऱ्या असलेली पुली असते. तिच्या आणि थाळीच्या आतल्या कडेच्या मध्ये एक रबरी चाक दाबून बसतं. खटका बदलला की हे चाक वेगळ्या पायरीवर जातं. जुन्या रेडिओग्राममधले बहुतेक प्लेयर असे. इंग्लंडमधल्या स्विंडन गावच्या गॅरार्ड कंपनीनं १९५४ च्या सुमारास काढलेलं ३०१ हे यंत्र याच जातीचं आणि जुन्या यंत्रांच्या शौकिनांना ते आजही प्रिय आहे.

दुसरी जात पट्ट्याची. मोटर एका बाजूला, थाळीचं आतलं चाक मधोमध आणि दोघांभोवती रबरी पट्टा. थोरेन्स कंपनीचे १९६० आणि ७० च्या दशकांतले टीडी १५० आणि टीडी १६० हे याचे नावाजलेले नमुने. पुढे बॅटरीच्या किंवा अडॅप्टरच्या विजेवर, म्हणजे डीसीवर, चालणारे पट्ट्याचे हलके प्लेयरही खूप निघाले.

तिसऱ्या जातीत पट्टाही नाही आणि चाकही नाही. थाळी थेट मोटरीवरच बसलेली असते. जपानच्या टेक्निक्सनं १९७० च्या सुमारास ही पद्धत बाजारात आणली. अशा यंत्रात थाळी आणि मोटर एकमेकींचाच भाग असतात. बिघाड बहुधा आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये असतो. ती घरी उघडू नका, जाणकाराकडेच न्या. पुढे आम्ही सांगतो ते पहिल्या दोन जातींबद्दल.

मोटर खरंच गेली आहे का?

पैसे खर्च करण्याआधी हे पाहायचं. काहीही करण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या प्लेयरमध्ये बटण बंद असलं तरी आत वीज राहू शकते. रेडिओग्राम असेल तर आणखी जपा. त्यातल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असते. शिवाय व्हॉल्व्हच्या काही जुन्या सेटमध्ये आतला पत्राच थेट मेनला जोडलेला असतो. असा सेट उघडायचा तर शेजारी जाणती व्यक्ती हवीच.

आता लक्षणं पाहू. मोटर फिरते पण थाळी फिरत नाही, तर मोटर चांगली आहे. पट्टा सैल झालाय किंवा रबरी चाक कडक होऊन घसरतंय. पट्टा नवा घाला. चाक स्पिरिटनं पुसा, तरीही घसरलं तर त्यावर नवं रबर चढवून घ्या. प्रत्येक फेरीला ‘धब धब’ असा आवाज येत असेल, तर रबरी चाकाला एका जागी खळगा पडलाय. वर्षानुवर्षं खटका ३३ वर ठेवून प्लेयर पडून राहिला की असं होतं. म्हणून ठेवताना खटका नेहमी ‘बंद’वर ठेवावा.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर बहुधा दांड्याच्या बुशमधलं तेल सुकून चिकट झालंय. प्लग काढून पुली बोटांनी फिरवून पाहा. जड लागली तर मोटर उघडून जुनी चिकटी स्पिरिटनं पुसायची आणि बुशला शिलाई मशीनचं पातळ तेल एक-दोन थेंब द्यायचं. पुलीवर, पट्ट्यावर किंवा रबरावर तेलाचा ओघळ येता कामा नये. आणि खोबरेल तेल कधीही घालू नका. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे थंडीत मोटर पुन्हा आखडते, आणि जुनं झालं की चिकट होतं ते वेगळंच. आमच्याकडे आलेल्या एका प्लेयरची मोटर जळालीय असं दुकानात सांगितलं होतं. बुश पुसून तेलाचे दोन थेंब दिल्यावर ती फिरायला लागली.

मोटर अगदीच मुकी आहे, तर मल्टिमीटर घ्या. प्लग काढलेला असताना मोटरीच्या तारा सोडवून दोन टोकांमध्ये ओहम मोजा. किती आकडा यावा हे मोटरीप्रमाणे बदलतं. काहीतरी आकडा आला तर वायंडिंग सलग आहे, मग दोष बटणात किंवा वायरीत शोधा. काहीच आला नाही तर वायंडिंग तुटलंय. मग मीटरची एक दांडी तारेला आणि दुसरी मोटरीच्या लोखंडी अंगाला लावा. इथे मात्र काहीच आकडा येता कामा नये. आला, तर वीज मोटरीच्या अंगावर उतरते आहे. ती मोटर पुन्हा प्लगला लावायची नाही.

वायंडिंग तुटलं, जळका वास येतो, वीज अंगावर उतरते किंवा बुश झिजून दांडा हलतो, यांपैकी काही असेल तर मोटर गेली असं म्हणायला हरकत नाही. तरीही आधी गावातल्या वायंडिंगवाल्याला विचारा. रबरी चाकाच्या जातीतल्या मोटरीचं कॉइल साधं असतं. पंख्याची मोटर भरून देणारा कुशल कारागीर त्याच जाडीची तार आणि तेवढेच वेढे घालून ते भरून देऊ शकतो. मूळ मोटर वाचली तर गतीचा प्रश्नच उरत नाही.

नवी मोटर घेताना

आता बदलायचीच, असं ठरलं. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा चोर बाजार, पुण्यात तापकीर गल्ली किंवा जुना बाजार, अशा ठिकाणी शोधता येईल. बिघडलेला दुसरा प्लेयर घेऊन त्याची मोटर काढण्याचा मार्गही चांगला. पण दुकानात जाताना जुनी मोटर पिशवीत घालून सोबत न्या. ‘दिसायला अशीच होती’ यावर विसंबू नका. चार गोष्टी जुळवायच्या आहेत.

पहिली गोष्ट, वीज किती आणि कुठली. मोटरीवरची पट्टी वाचा. २३० व्होल्ट एसी, ११० व्होल्ट एसी, २४ व्होल्ट एसी, १२ व्होल्ट डीसी, असं काहीतरी लिहिलेलं असेल. एसीच्या जागी डीसी किंवा डीसीच्या जागी एसी चालत नाही. काही परदेशी मोटरींत दोन कॉइलं असतात. ११० व्होल्टसाठी ती शेजारी-शेजारी जोडतात आणि २२० साठी एकामागोमाग एक. अशी मोटर ११० च्या जोडणीत ठेवून आपल्या २३० वर लावली तर जळते.

तारांची संख्याही मोजा. काही स्वस्त प्लेयरमध्ये मोटरीच्या कॉइललाच जादा तारा काढून त्यावर आवाजाचा अँप्लिफायर चालवलेला असतो. तिथे दोन तारांची मोटर बसवली तर थाळी फिरेल, पण आवाज येणार नाही. अशा वेळी मूळ कॉइल भरून घेणंच बरं.

दुसरी गोष्ट, मोटरीची गती. पट्ट्याच्या चांगल्या प्लेयरमध्ये सिंक्रोनस मोटर असते. तिची गती व्होल्टेजवर अवलंबून नसते. ती ठरते विजेच्या आवर्तनांवर आणि मोटरीतल्या चुंबकीय ध्रुवांच्या संख्येवर. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. हिशेब सोपा आहे, ६,००० ला ध्रुवांच्या संख्येनं भागा. १६ ध्रुवांची मोटर मिनिटाला ३७५ फेऱ्या घेते आणि २४ ध्रुवांची २५०. बाजारात या दोन्ही मिळतात आणि वरवर पाहता सारख्याच दिसतात. ३७५ च्या जागी २५० ची मोटर घेतली आणि जुनीच पुली लावली, तर ३३ वर लावलेली थाळी जेमतेम २२ फेऱ्या घेईल.

सिंक्रोनस मोटरीचा एक फायदा आपल्या गावांकडे फार उपयोगी पडतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं, बल्ब मिणमिणायला लागला, तरी ही मोटर गती सोडत नाही. फारच कमी वीज आली तर ती थांबेल, पण सूर उतरवणार नाही. रबरी चाकाच्या जातीतली साधी मोटर मात्र व्होल्टेज पडलं की थोडी रेंगाळते.

डीसी मोटरीची तऱ्हा वेगळी. टेप रेकॉर्डरमध्ये असते तशीच गोल डबीसारखी मोटर इथे असते. आत गती राखणारं छोटं सर्किट असतं आणि बऱ्याच मोटरींच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यातून बारीक पेचकस घालून गती कमीजास्त करता येते.

तिसरी गोष्ट, फिरण्याची दिशा. थाळी वरून पाहिली की घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. पट्ट्याच्या प्लेयरमध्ये मोटरही त्याच दिशेनं फिरायला हवी. रबरी चाक थाळीच्या आतल्या कडेला लागत असेल तर मोटर उलट दिशेनं फिरते. डीसी मोटरीवर सीडब्ल्यू म्हणजे सुलट आणि सीसीडब्ल्यू म्हणजे उलट असं लिहिलेलं असतं. आत सर्किट असलेल्या मोटरीच्या तारा उलट जोडून दिशा बदलायला जाऊ नका, सर्किट जळेल. योग्य दिशेचीच मोटर मागून घ्या. सिंक्रोनस मोटरीची दिशा तिच्या कंडेन्सरच्या जोडणीनं ठरते. तो कंडेन्सर नव्या मोटरीला सांगितलेल्या मापाचाच हवा.

चौथी गोष्ट, अंगाचं माप. दांड्याची जाडी, दांडा पत्र्याच्या किती वर येतो, स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर, आणि मोटरीची उंची पेटीत मावते की नाही. जुनी पुली नव्या दांड्यावर बसली तर उत्तम. नाही बसली तर लेथवाल्याकडून पितळेची करून घ्यावी लागेल.

पुलीचं माप काढायचा हिशेब असा. थाळीच्या ज्या चाकावर पट्टा बसतो त्याचा व्यास मोजा. त्याला थाळीच्या हव्या असलेल्या फेऱ्यांनी गुणा आणि मोटरीच्या फेऱ्यांनी भागा. समजा चाक १८० मिलिमीटरचं आणि मोटर ३७५ फेऱ्यांची आहे. ३३⅓ गुणिले १८० म्हणजे ६,०००. त्याला ३७५ नं भागलं की १६. म्हणजे ३३ साठी पुली १६ मिलिमीटर आणि ४५ साठी २१.६ मिलिमीटर. पट्ट्याच्या जाडीमुळे यात किंचित फरक पडतो, म्हणून पुली केसभर कमी करून शेवटी गती मोजूनच पक्की करायची. १६ मिलिमीटरच्या पुलीत ०.१ मिलिमीटरची चूक झाली तर गतीत अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. लेथवाल्याला हे आधीच सांगा, म्हणजे तो नुसत्या नजरेनं काम उरकणार नाही.

अमेरिकेहून आलेला प्लेयर

हा प्रश्न तिघींनी विचारला. मुलानं किंवा भावानं अमेरिकेहून जुना प्लेयर आणला, ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मरही घेतला, तरी गाणी रडकी वाजतात. मोटर खराब झाली का?

मोटर ठणठणीत आहे. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, आवर्तनं बदलत नाही. तिथे ४५० फेऱ्या घेणारी १६ ध्रुवांची मोटर आपल्याकडे ३७५ घेते. ३३⅓ ची थाळी २७.८ वर येते. हा फरक साधारण तीन अर्धस्वरांचा आहे. काळी पाचमध्ये गायलेलं गाणं पांढरी पाचमध्ये ऐकू येतं आणि गायिकेचा आवाज ओळखू येत नाही.

यावर उपाय मोटर बदलण्याचा नाही, पुली बदलण्याचा आहे. ५० आवर्तनांसाठी पुली सव्वापट मोठी नको, बरोबर १.२ पट हवी. अशा कित्येक कंपन्यांनी दोन्ही देशांसाठी वेगवेगळ्या पुल्या केलेल्या होत्या. ट्रान्सफॉर्मर मात्र ठेवायचाच. प्लेयर डीसी मोटरीचा असेल तर हा प्रश्न येतच नाही, तिथे योग्य व्होल्टचा अडॅप्टर लावला की झालं.

काढताना आणि बसवताना

आता हात घालू. प्लग काढा. सुईचा दांडा दोऱ्यानं त्याच्या आधाराला बांधा आणि सुईवर टोपण घाला. कामात एखादा धक्का लागला तर सगळ्यात आधी सुई जाते. थाळी दोन्ही हातांनी सरळ वर उचला. मधल्या खुंटीवर बारीक क्लिप असेल तर आधी ती काढा. खाली चकत्या आणि छर्रे असतात. ते ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं ताटलीत मांडून ठेवा. काही यंत्रांत खुंटीच्या तळाशी एकच छर्रा असतो. तो घरंगळला तर शोधत बसावं लागतं.

तारा सोडवण्याआधी फोनवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी लावा. पुली पत्र्यापासून किती उंचीवर आहे ते पट्टीनं मोजून लिहून ठेवा. पुली काढताना तिच्यावरचा बारीक बिनडोक्याचा स्क्रू सैल करा. स्क्रू नसेल तर ती घट्ट दाबून बसवलेली आहे. हातोडी मारू नका, दांडा वाकला तर पुली डगमगेल आणि गाणं थरथरेल. पुली ओढून काढण्याचं छोटं अवजार घड्याळवाल्याकडे किंवा खेळण्यांच्या मोटरी विकणाऱ्याकडे मिळतं.

मोटर ज्या रबरी बुशांवर बसते ते नीट पाहा. इतक्या वर्षांत ते दगडासारखे झालेले असतात. मोटरीची थरथर थाळीपर्यंत आणि तिथून सुईपर्यंत जाऊ नये म्हणून ते असतात. ते कडक राहिले तर नवी मोटर लावूनही गाण्यामागे घरघर ऐकू येईल. मऊ नवे बुश घाला आणि स्क्रू करकचून आवळू नका. मोटरीनं बुशांवर तरंगत राहायला हवं.

दांडा अगदी उभा, थाळीच्या खुंटीला समांतर हवा. तिरका असेल तर पट्टा पुलीवर चढतो आणि निसटतो. पुली मोजून ठेवलेल्या उंचीवरच बसवा.

मग जोडणी. जुन्या तारांचं रबर तडकलेलं असेल तर तारा नव्या घाला. जोड नुसता पिळून चिकटपट्टी लावू नका. डाग देऊन त्यावर उष्णतेनं आकसणारी नळी चढवा. बटणाला जोडलेला जुना कंडेन्सरही याच वेळी बदला. तो एक्स-२ प्रकारचा, मेनवर लावण्यासाठीचाच मागून घ्या, साधा चालत नाही. प्लेयरचा वरचा पत्रा लोखंडी आणि दोनच पिनांचा प्लग असेल, तर तीन पिनांची वायर आणि अर्थिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पहिल्यांदा वीज देताना इलेक्ट्रिशियन वापरतात ती युक्ती करा. तारेचा जुना ६० वॉटचा बल्ब मोटरीच्या मार्गात एकामागोमाग एक असा जोडा. ही जोडणी तयार असलेला बोर्डही मिळतो. सगळं ठीक असेल तर बल्ब मंद राहील किंवा लागणारच नाही. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि मोटर वाचेल. मग थाळी न लावता मोटर अर्धा तास चालू ठेवा. ती कोमट होणारच. प्लग काढून हात लावा. हात टेकवता आला नाही, तर व्होल्टेज किंवा जोडणी चुकली आहे असं समजा.

गती मोजायची कशी?

यासाठी महागडं काही लागत नाही. थाळीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवा, रेकॉर्ड ठेवा, सुई टेकवा आणि घड्याळ लावा. ३३⅓ च्या गतीला तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या व्हायला हव्यात. दोन सेकंद इकडे-तिकडे झाले तर गतीत साधारण एक टक्का फरक आहे, तेवढा चालतो. पाच सेकंदांहून जास्त झाले तर पुली, पट्टा, तेल पुन्हा तपासा. ४५ आणि ७८ साठी एका मिनिटात तितक्याच फेऱ्या मोजायच्या. ७८ मोजताना दोघी बसा, एकीनं फेऱ्या मोजायच्या आणि दुसरीनं घड्याळ पाहायचं.

याहून बारीक मोजायचं तर रेघांची गोल चकती मिळते. ५० आवर्तनांच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ३३⅓ साठी चकतीवर १८० रेघा असतात. गती बरोबर असेल तर त्या उजेडात फिरत्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. थाळीच्या दिशेनं पुढे सरकल्या तर गती जास्त, मागे सरकल्या तर कमी. मात्र दिवा तारेच्या बल्बचा किंवा निऑनचा हवा, कारण बरेच एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत. चकती घेताना रेघांची संख्याही विचारा. २१६ रेघांची चकती अमेरिकेच्या विजेसाठी असते. आणि हे काम इन्व्हर्टरवर करू नका, त्याच्या आवर्तनांची खात्री नसते.

कुठे थांबायचं?

मैत्रिणींनो, सगळं आपणच करायला हवं असं नाही. पट्टा घालणं, रबर पुसणं, तेल देणं, गती मोजणं हे कुणीही करू शकते. मीटर धरणं आणि डाग देणं शिकून येतं, एखाद्या दिवसाच्या सरावानं हात बसतो. मेनची वायर, अर्थिंग आणि व्हॉल्व्हचा सेट हे जाणकाराकडे सोपवा, पण समोर बसून पाहा आणि विचारा. निघालेली जुनी मोटर परत मागून घ्या. ती तुमची आहे आणि तिच्यातली पुली, बुश, स्क्रू पुढे कामाला येतात.

आमच्या गटातल्या बऱ्याच जणींनी सांगितलं, की लग्नानंतर घरातला रेडिओग्राम फडक्यानं पुसायची मुभा होती, उघडायची नव्हती. ‘बिघडवशील’ हे उत्तर ठरलेलं. त्यांतल्या एकीनं गेल्या महिन्यात स्वतः पट्टा घातला, घड्याळ लावून शंभर फेऱ्या मोजल्या आणि सासूबाईंना त्यांची रेकॉर्ड लावून दिली. घरातल्यांनी विचारलं, ‘कुणाकडून करून आणलंस?’

म्हणून पुन्हा सांगतो. ‘मोटर गेली’ हे ऐकून प्लेयर देऊन टाकू नका. पुली बोटांनी फिरवून पाहा, मीटर लावा, आणि बदलायचीच झाली तर वीज, गती, दिशा आणि माप या चारही गोष्टी जुळवूनच मोटर घ्या. मोटरीवरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते उतरवून आम्हाला पाठवलंत, तर पुढच्या भागात त्या-त्या प्लेयरबद्दल सांगू. त्याच भागात लाखेच्या रेकॉर्डी कशा धुवायच्या आणि ७८ साठी वेगळी सुई का लागते, हेही बोलू. तोवर रेकॉर्डी आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. नमस्कार.